तुपाची निर्दोष सुटका

एका पत्रकात एकच शत्रू, हा आमच्या आरोग्यप्रचार संघटनेचा नियम. दोन घातले की लोक गोंधळतात म्हणे. गुडगावात नवनव्या सोसायट्या उगवत होत्या आणि आम्ही कॉलेजची पोरं त्यांच्या फाटकांवर पत्रकं वाटायचो. तेलवाले हृदयाच्या नावाने डबे खपवत होते आणि दातांबद्दल कुणी ब्र काढत नव्हतं! मला भयंकर संताप यायचा. अजूनही येतो.

संतापाचं मूळ घरातच होतं. दिल्लीत, आमच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात बाबा होते. छातीत एकदा दुखून गेलेलं, एक धमनी अरुंद झालेली, आणि खालची दाढ सडून हिरडी सुजलेली. डॉक्टरांनी तूप बंद करायला सांगितलं, ते आईने केलं. दाढ काढायला सांगितली, ती बाबांनी पाळून ठेवली.

म्हणून मी पत्रक लिहिलं : ‘हृदयाचा शत्रू तोंडात!’ सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात शिरतात. शरीराचे शिपाई त्यांच्यामागे धावतात. ही धुमश्चक्री वर्षानुवर्षं चालली की धमनीचं अस्तरही सुजतं आणि तिथे चरबी साचायला आयती जागा मिळते, असा शास्त्रज्ञांना दाट संशय आहे. यातली ‘चरबी’ आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी खोडली. दुसरा शत्रू!

गणपतीची आरती झाली. बाबांनी तेच पत्रक खिशातून काढून शेजाऱ्यांसमोर खणखणीत वाचलं. मग उकडीचा मोदक फोडून ताट आईपुढे धरलं.

“घाल तूप. पोरीनं छापलंय. तूप बाइज्जत बरी, निर्दोष सुटका!”

“बाबा, यार, असं कुठे लिहिलंय?”

“मग दाखव तुपाचं नाव. आहे कुठे? बिल्कुल नाही.”

शेजारच्या पंजाबी अंकलनी टाळ्या पिटल्या. “बेटी ने कमाल कर दिया!” त्यांचंही तूप बंद होतं.

आईने तुपाची वाटी पदराआड घेतली. “अहो, आणि शत्रू तोंडात आहे म्हणतात, त्याचं काय?”

“त्याच्यासाठी माझे शिपाई आहेत.”

मी कोपरासभेच्या आवाजात ओरडले, “शिपाईच तर धमनीत गोंधळ घालतायत! पत्रक मान्य आहे की नाही? सगळ्यांसमोर सांगा!”

“आहे गं.”

“मग पूर्ण मान्य करा. उद्या दाताचा डॉक्टर.”

छातीच्या सगळ्या तपासण्या हसत करून घेणारा माणूस पांढरा पडला. मोदक गार होत चालला होता.

“आधी दाढ,” आई म्हणाली, “मग तुपाचं डॉक्टरांना विचारू.”

दाढ गेली. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, “छान झालं. पण एवढ्याने धमनी उघडत नाही, पथ्य चालूच. सणाला चमचाभर तूप घ्या. आणि हे पत्रकात छापू नका.”

विसर्जनाच्या दिवशी बाबा मोदक फोडून बसले, हातात आमटीचा डाव. “चमचा केवढा, ते डॉक्टर बोललेच नाहीत.”

आईने खोकल्याच्या औषधाचा प्लास्टिकचा चमचा आणला आणि रेघेपर्यंत मोजून तूप वाढलं.

बाबा एका गालाने चावत माझ्याकडे वळले. “आता या चमच्याविरुद्ध लिही. शत्रू एकच आहे.”