आजीचं पिठलं

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. आमच्या कापडे गावात अशा घरी पिठलं-भाकरी शेजारून जाते आणि ते पिठलं जन्मभर माझ्या आजीनेच केलं. सुनांना ती हातही लावू द्यायची नाही. "गुठळ्या करशील गो! आधीच माणूस गेलाय त्यांचा." गावात कुणी अंथरूण धरलं की ती बेसन चाळायला घ्यायची. ते कानावर पडताच दोन म्हातारे तर रागानेच बरे झाले.

परवा ती स्वतः गेली, पंच्याण्णवाव्या वर्षी. संध्याकाळी सात घरांतून पिठलं आलं. सातही पातेल्यांत गुठळ्या. पहिला घास घेऊन काका पुटपुटले, "आता ती काय गप बसायची नाय." आम्ही सगळे घाबरून स्वयंपाकघराकडे बघत बसलो.

आतून कुणीच ओरडलं नाही. तेव्हा कुठे काकांना रडू फुटलं.