बरणीभर खमीर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांची नणंद यांचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली. भांडण झालं ते बरणीभर आंबलेल्या पिठावरून.

काकूंनी डोंगरावरच्या थंड गावात एकोणीस वर्षं पाव भाजले. यीस्टची पुडी कधी वापरली नाही. पीठ आणि पाणी कालवून आंबवलेलं खमीर रोज मूठभर पिठावर जगवायचं आणि त्यावरच पाव फुगवायचा, ही त्यांची रीत. काकांच्या सांध्यांना थंडी सोसेना, तेव्हा दोघं या दमट शहरात आली. इथे काकांच्या धाकट्या बहिणीची बेकरी होती. "वहिनी, भट्टी तुमच्या हवाली," असं ती फोनवर म्हणाली होती. काकूंनी खमिराची बरणी मांडीवर धरून प्रवास केला.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. तिकडे बारा तास घेणारं पीठ इथे चार तासांत परातीबाहेर आलं आणि ओट्यावरून ओघळलं. पाव निघाला थाळीसारखा चपटा आणि आंबटढाण. नणंदेने तो गिऱ्हाइकांसमोर उचलून दाखवला.

"वहिनी, हा पाव आहे की पायपुसणं?"

सगळं दुकान हसलं. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या काकांनी पान उलटलं.

"हवा वेगळी आहे, वन्सं. थोडे दिवस द्या," काकू म्हणाल्या.

"हवेला काय धाड भरलीय? आम्ही याच हवेत पाव करतो."

दुसऱ्या दिवसापासून काकू ट्रे घासायला बसल्या. कामगारांनी त्यांचं नाव पाडलं, आंबटबाई.

काकू हट्टाला पेटल्या. ट्रे घासून झाले की दुपारी उरल्यासुरल्या पिठावर त्यांचे प्रयोग चालत. पिठात घालायचं खमीर निम्म्यावर आणलं. सावकाश आंबावं म्हणून त्यात पाणी कमी घालून घट्ट गोळा ठेवला. पीठ मळायला बर्फाचं पाणी घेतलं. फ्रिजमध्ये जागा मागितली तर नणंद म्हणाली, "तिथे केक असतात. तुमची घाण नको." मग बरणीला ओलं फडकं गुंडाळून ती मोरीतल्या गार फरशीवर ठेवली. घड्याळ बघणं सोडलं. पिठात बोट दाबायचं, खळगा हळूहळू भरून आला की पाव भट्टीत. दोन महिन्यांनी एकदाचा पाव फुगला. वरून कडक, आत सुरेख जाळी.

त्याच आठवड्यात काकू काकांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. परत येऊन बघतात तो बरणी धुऊन पालथी घातलेली.

"वास मारत होतं ते," नणंद म्हणाली. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

काकूंनी रिकामी बरणी उचलून पिशवीत घातली. घरी आल्यावर त्यांनी काकांना फैलावर घेतलं.

"तुमच्या बहिणीने माझी एकोणीस वर्षं गटारात ओतली."

"अगं, पीठच होतं ना ते? जुळवून घे जरा."

चार दिवस काकांना चहा स्वतः करून प्यावा लागला.

काकूंनी बेकरी सोडली आणि घरीच नवं खमीर धरलं, इथल्या पिठाचं, इथल्या पाण्याचं. आठवडाभरात ते बुडबुडायला लागलं. जुन्याइतकी त्याची मिजास नव्हती, उकाडाही ते निमूट सोसायचं. कोपऱ्यावरच्या वसतिगृहाच्या आचाऱ्याने दुपारी ओव्हन वापरायला दिला. वर्षभरात त्या पावाचा इतका बोलबाला झाला की गिऱ्हाइकं नणंदेलाच विचारू लागली, "तुमच्या वहिनींचा पाव ठेवत नाही का?"

एके दिवशी काका वाटी घेऊन काकूंसमोर उभे राहिले. "तिला चमचाभर खमीर हवंय. बहीण आहे माझी."

काकूंनी ती वाटी घेतली आणि खरकट्या भांड्यांत टाकली. "परत विचारलंत तर तिकडेच राहायला जा."

नणंदेने यीस्टमध्ये दही घालून तसा पाव करून पाहिला म्हणे. तो कुणी घेतला नाही. काका अजूनही दर रविवारी बहिणीकडे जातात. काकू काही विचारत नाहीत. काका परत येतात तेव्हा त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असतं, गारढोण.