खेकड्यांचं जेवण
लसूण सोलताना पोलादपूरचं आमचं भाताचं खाचर आठवतं. खेकड्यांनी बांध पोखरला म्हणून आई लसणीसारख्या उग्र वासाचं विषारी औषध शिजल्या भातात कालवून बिळांत भरत होती. शेजारची काकू ओरडली, "हातानं नको गो, वैनी, इख हाय ते!" आई हसली, "मग पावण्यांना काय चमच्यानं वाढू?" दुपारी चिखलावर गांडुळं आली आणि तडफडून गार झाली. पालापाचोळा खाऊन गांडुळंच माती जिवंत ठेवतात, हे मी शाळेत शिकवायचो. तिथे मात्र मीच आईला पुढचं बीळ दाखवलं. दर पावसाळ्यात औषध पडत गेलं आणि हळूहळू खाचर विटेसारखं घट्ट झालं. परवा आईच्या अस्थी पुरून आंब्याचं रोप लावायला तिथेच खड्डा खणला. एकही गांडूळ निघालं नाही. तिला मातीत मिसळून घ्यायला खाली कोणी उरलंच नव्हतं.