फिट कुणाला आली

“फिट याला आली साहेब, मला नाही,” ओठावर फडकं दाबून फिटर म्हणाला. वरचे पुढचे दोन दात अर्धे तुटलेले, त्यामुळे शब्दांबरोबर निम्मी हवाच निघत होती.

“मग दात तुझे कसे गेले?” सुपरवायझरनं विचारलं.

“याची दातखीळ उघडायला पाना घालत होतो. यानं असा हिसडा दिला, पाना माझ्याच थोबाडावर.”

हा म्हणजे लंबू. फिटरच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि कारखान्याच्या पंप खात्यात त्याच्याच हाताखाली कामाला. तो शेजारी उभा राहून दाजीच्या तोंडाकडं बघत राहिला.

घडलं होतं नेमकं उलटं. आदल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत फिटर धाडकन पडला आणि हातपाय झाडायला लागला. घाबरलेल्या लंबूनं हातातला पानाच त्याच्या दातांत सारला. दात तुटले ते तेव्हा. लंबूचा अंगठाही चावला गेला. आरडाओरडा पहारेकऱ्यानं ऐकला आणि पंपवाल्यांत कुणाला तरी फिट आली, एवढंच वर सांगितलं. फिट येणाऱ्याला मशीनजवळ ठेवत नसत, सरळ फाटकाबाहेर काढत. मागं एका वेल्डरला असाच काढला होता, तेव्हा साहेबाच्या कानाला लागलेला हाच फिटर.

लोखंडाचा कीस झाडता झाडता तो फिटर झालेला. शब्द एकच, पण सगळ्याला पुरवायचा. नट बसला की फिट. सदरा अंगाला आला की फिट. तब्येत विचारली की छाती ठोकून, “एकदम फिट.” पुतणीचं लग्न यानंच फिट केलं. मेव्हण्याला कामाला चिकटवला तेव्हाही उपकाराच्या थाटात भावकीत सांगत सुटला, लंबूला फिट केला म्हणून. खरं तर लंबूला फिटरच्या बायकोनंच धाडलेला, नवरा पडला तर धरायला घरचं माणूस जवळ असावं म्हणून. त्या दुखण्याला मात्र घरात ‘चक्कर’ म्हणायचं, दुसरं नाव तोंडातून काढायचं नाही.

“दाजी, काय बोलताय?” लंबूला वाचा फुटली. “साहेब, हे पडले. मी धरलं यांना.”

फिटरनं कीव आल्यासारखी मान हलवली. “बघा. फिट आलेल्याला कुठं काय आठवतंय? शुद्धीवर आला की विचारतो, मला काय झालं होतं.”

हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दर वेळी बायकोला तोच विचारायचा.

सुपरवायझरला पटलं. लंबू तापला. तोंडाला फेस येईस्तोवर ओरडायला लागला, रागानं हात थरथरायला लागले.

“धरा रे त्याला, परत येतीय,” फिटर म्हणाला.

दोघा कामगारांनी लंबूला दंडाला धरून फरशीवर बसवला. तो उठायला बघे, हे दाबून धरत. तो जितका हिसडे देई, तितकी भोवतालची माणसं मागं सरत आणि म्हणत, “अरारा, जोराची आहे.” कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. निथळत्या अंगानं त्याला फाटकाबाहेर नेऊन सोडला.

दुपारी पाण्याच्या नळावर लेथवाला म्हणाला, “दाजींनी मेव्हण्याला चांगला फिट केला.”

सगळे हसले. फिटरही हसला, तोंडावर हात धरून.

लंबूनं संध्याकाळी ट्रंक उचलली आणि बहिणीच्या घरातून गेला. जाताना त्यानं सांगितलेलं सगळं बहिणीनं ऐकून घेतलं. नवऱ्याशी बोलली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, तो बूट घालत असताना.

“घरात पडलात तर मी बाहेरून कडी लावून शेजारी जाऊन बसेन.”

“माझ्या पगारावर जगतीस.”

“म्हणूनच कारखान्यात येऊन सांगत नाही. जा आता.”

खात्यात त्याच्या टेबलाजवळची लंबूची जागा रिकामी होती. पलीकडं मशीनचा पट्टा फिरत होता. फिटरनं टेबल पट्ट्यापासून हातभर लांब, भिंतीकडं सरकवलं, पाय फाकून उभा राहिला, पंप ओढून घेतला आणि बेअरिंग ठोकायला लागला.