आश्लेषाच्या वाफ्यातली कांद्याची पात

आमची शेजारीण आश्लेषा मूळची नागपूरची, आता इथे कॅन्ससमध्ये आयटीत. चार वर्षांपूर्वी तिने घरामागचं लॉन उपटून इथल्या माळरानाची रानफुलं पेरली. त्यात तिचा लाडका रानकांदा. त्याला फुलं यायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर नुसती पात. मी चिडवायचे, "गवत काढून गवतच लावलंस की." ती म्हणायची, "थांब, गुलाबी फुलं येऊ दे."

यंदा मे महिन्यात पात दाट आली. घरचं पिकलं की शेजारी वानोळा जायलाच हवा, म्हणून तिने एक जुडी कापून आणून दिली. मी लसणाची फोडणी देऊन, पीठ पेरून भाजी केली. माझ्या सात वर्षांच्या नीलने दोनदा मागून खाल्ली.

तासाभराने आश्लेषा अनवाणी धावत आली. "रुपाली, पात खाल्लीत का?" वाफ्यातल्या एका झाडाला पांढरी फुलं आली होती. तिने ॲपवर फोटो टाकला, तर डेथ कॅमस निघालं. पात हुबेहूब कांद्याची, पण विषारी. ओळख एकच, त्याला कांद्याचा वास नसतो. "आणि मला कोविडपासून वासच येत नाही यार. नेमकं काय कापलं, मला माहीत नाही."

मी हात हुंगले. कांद्याचा वास येत होता, पण तो माझ्या हातांना रोजच येतो. कढई हुंगली, तर लसूण. कचऱ्यातले देठ हुंगले, तर त्यांवर कालच्या कांद्याची सालं. सोफ्यावरून नील विचारत होता, "आई, ॲम आय सिक?"

हॉस्पिटलमध्ये त्याच्या छातीला वायरी लावल्या. संध्याकाळपर्यंत आश्लेषा माझ्या शेजारी बसून होती आणि मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिचा भयंकर राग आला होता. न हुंगता कढईत टाकलं म्हणून स्वतःचाही. नीलला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

दुसऱ्या दिवशी तिने अख्खा वाफा खणून काढला, फुलं तोंडावर आली असताना. मी खिडकीतून पाहत होते. थांब म्हणाले नाही.

तेव्हापासून तिच्याकडचा डबा आला की मी हसून घेते आणि ती गेली की कचऱ्यात रिकामा करते. परवा तिने दारातच डबा उघडला, त्यातला एक लाडू मोडून माझ्यासमोर खाल्ला आणि मग डबा माझ्या हातात दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते लाडू मी नीलला दिले नाहीत.