अर्जातलं दुसरं नाव

ओडिलिया आणि मी ग्वाटेमालातल्या एकाच डोंगरी गावच्या. अलाबामात आलो तेव्हा एकाच ट्रेलरमध्ये राहिलो, एकाच कारखान्यात कोंबड्या कापल्या. तिची मुलगी मार्लेनी गावी आजीपाशी होती. ओडिलिया निघाली तेव्हा पोरीचे दुधाचे दातही पडले नव्हते. "पुढच्या ख्रिसमसला येते," असं तिला सांगितलेलं. पण कागद नसलेल्या बाईला इथून जाता येतं, परत येता येत नाही. तो ख्रिसमस दरवर्षी पुढे सरकत गेला.

रिगोबेर्तो आमचा मुकादम. बोलायला गोड, आमच्याच चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. बायकांना तो कोल्ड स्टोरेजमध्ये बोलवायचा, तेही कागद नसलेल्यांनाच. कोण जाऊन आलंय ते सगळ्यांना कळायचं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाकडे बघायचं नाही.

ओडिलियाची पाळी आली तेव्हा त्यानं आतून दार लावलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली. त्यानं तिथला लोखंडी दांडा उचलून तिच्या तोंडावर हाणला. ती बाहेर आली ती मोडलेला जबडा दोन्ही हातांनी सावरत. मशीन चालूच होतं, कोंबड्या येतच होत्या.

दवाखान्यात पोलीस आला. मी तिच्या कानात म्हटलं, "पडले असं खुणेनं सांग. नाहीतर आपल्या दोघींना गाडीत घालून सरळ सीमेपार सोडतील."

जबडा तारांनी बांधलेला, तिला बोलता येत नव्हतं. पोलिसानं कारखान्यातल्या माणसांचे फोटो पुढे धरले. तिनं रिगोबेर्तोवर बोट ठेवलं आणि पोलिसानं फोटो बाजूला घेईपर्यंत ते उचललं नाही.

खटला चालला. ती साक्षीला उभी राहिली, सगळं बोलली. तो तुरुंगात गेला. आणि चर्चमध्ये आमच्या बाकावर आमच्याशेजारी बसायचं लोकांनी सोडलं. त्याची बायको, पोरं रस्त्यावर आली म्हणे, ती ओडिलियामुळे.

मिस पॉलसन नावाच्या वकीलबाई चर्चच्या तळघरात फुकट सल्ला द्यायच्या. त्यांनीच सांगितलं, की गुन्ह्याचा मार सोसलेल्या आणि पोलिसांना मदत केलेल्या माणसाला इथे राहायचा व्हिसा मिळतो. मुलगी अर्जाच्या वेळी एकवीसच्या आतली असेल तर तिचंही नाव अर्जात घालता येतं. फक्त पोलीसप्रमुखाची सही हवी, ह्या बाईनं मदत केली म्हणून.

पोलीसप्रमुखानं मान वर न करताच विचारलं, "माणूस आत गेला ना? मग आता हिला आणखी काय हवंय?"

वर्ष उलटलं तरी सही नाही. मिस पॉलसन चकरा मारत राहिल्या. तो निवृत्त झाला, नवी बाई आली, तिनं फाईल वाचून त्याच दुपारी सही केली. मग अर्जासाठी डॉक्टरांपुढे, मानसोपचारवाल्यांपुढे ओडिलियाला पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागलं, दार कसं लावलं, हात कुठे होता. घरी आली की ती आंघोळीला जायची ती गरम पाणी संपेपर्यंत बाहेर यायची नाही.

हे इथल्या आमच्या लोकांत फुटलंच. दुकानात मक्याच्या तोर्तिया घेताना एकीनं टोमणा मारला, "नशीब काढलंस गं! एक जबडा मोडला आणि कागद मिळणार."

"ये ना इकडे," ओडिलिया म्हणाली. तोंड अजून वाकडंच उघडायचं तिचं. "तुझाही मोडून देते. मग लाग माझ्यामागे रांगेत."

बाहेर आल्यावर आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी.

पण रांग मोठी होती. वर्षावर वर्षं गेली. मधेच तिची आई वारली, तिला मातीला जाता आलं नाही. देश सोडला असता तर अर्जावर पाणी पडलं असतं. मार्लेनीला तिनं अर्जाचं काही सांगितलं नव्हतं. मी म्हणायचे, "सांग तिला." ती म्हणायची, "ख्रिसमसचं सांगून एकदा फसवलंय. हातात आल्यावरच सांगेन."

एका रविवारी फोन आला. स्पीकरवर मार्लेनी खिदळत होती. "आई, लग्न करतेय मी! विल्मरशी. शेजारचाच, तू ओळखतेस त्याच्या आईला."

ओडिलियानं फोन तोंडाजवळ ओढला. लग्न झालं की मुलीचं नाव अर्जातून जातं, हे मिस पॉलसननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"थोडं थांब गं. तुला इकडे आणायचं चाललंय. खरंच चाललंय, वकीलबाई आहे."

पलीकडचं हसू थांबलं. "आई, आजी गेली तेव्हा मी एकटी होते घरात. विल्मरच्या आईनं मला जेवायला घातलं. तू आता वकील काढतेस होय?"

"खोटं नाही बोलत, बाळा."

"बरं. फोटो पाठवीन लग्नाचे."

फोटो आले. मिस पॉलसननी पेन उघडलं, ओडिलियाकडे बघितलं आणि दुसऱ्या नावावर रेघ ओढली.

व्हिसा मिळाला, पुढे इथे कायम राहायचं कार्डही. मग ओडिलिया एकदाची गावी गेली. मार्लेनीच्या कडेवर पोरगी होती. ओडिलियानं हात पुढे केले तशी ती रडत आईच्या गळ्याला बिलगली. "घाबरू नकोस," मार्लेनी तिला म्हणाली, "पाहुण्या आहेत." तिच्या मनात वाईट काही नव्हतं, असं ओडिलियानं मला दोनदा सांगितलं. दोघींनी मिळून मक्याच्या पिठाचे तामालेस केले, आजीच्या थडग्यावर फुलं घातली. बोलण्यासारखं लवकर संपलं. महिनाभर राहायला गेलेली ती दहाव्या दिवशी परतली.

मी विमानतळावर गेले होते. गाडीत बसल्यावर तिनं पट्टा लावला.

"सोमवारी कारखान्यात आपली पाळी सकाळची का दुपारची?" तिनं विचारलं.

"सकाळची," मी म्हटलं, आणि गाडी काढली.