न रोवलेली मेढ

शिन-योकोहामाला शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) पकडली तेव्हा माझ्या खांद्याला एक लांब नळी होती आणि डोक्यात बऱ्यापैकी घमेंड. नळीत माझं ड्रॉइंग होतं. दक्षिण फिलिपिन्समध्ये मारानाओ नावाचा मुस्लिम समाज आहे, त्यांच्या सरदारांचं लाकडी घर म्हणजे ‘तोरोगान’. पंचवीस दांडगे खांब, उंच उतरतं छप्पर आणि आत एकच अखंड दालन. या घराची छोटी लाकडी प्रतिकृती आमच्या विद्यापीठाच्या प्रदर्शनात मांडायची होती, आणि माझी पीएचडी बरीचशी तिच्यावर टेकलेली होती. ओकुदा-सान या वयस्क सुतारांकडे ड्रॉइंगची प्रत पोचली होती. सोमवारी ते लाकडाला हात घालणार होते, आणि आज शनिवार होता.

अशा घरात जन्मलेल्या एक आजी कोबेला लेकीकडे राहतात, असं ऐनवेळी कळलं. त्यांना ड्रॉइंग दाखवायचं, शाबासकी घ्यायची आणि परत यायचं, एवढाच माझा बेत. मी स्वतः तोरोगानमध्ये कधी पाऊल ठेवलेलं नाही. सगळं एका जुन्या फोटोवरून काढलेलं.

कोबेला स्टेशनातून बाहेर पडलं की पाठीशी डोंगर आणि पुढ्यात समुद्राकडे उतरत जाणारे रस्ते. आजींची लेक नोराइदा इथल्या वृद्धाश्रमात काम करते. तिने मला जुन्या मशिदीपाशी बोलावलं होतं. साध्यासुध्या इमारतींच्या मधून एकदम घुमट आणि मिनार वर आलेले दिसले, आणि मी रस्त्यातच थांबून बघत राहिले. डोक्यावर ओढणी घेतली, बूट काढले, तर उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर! जपानात दिवसातून दहादा बूट काढावे लागतात, तरी मोजे बघून घालायची अक्कल मला अजून आलेली नाही.

“बाई...” नोराइदा आजींना त्यांच्या भाषेत म्हणाली. पुढचं मला कळलं नाही, पण ‘बाई’ स्वच्छ ऐकू आलं.

“तुम्ही आईला बाई म्हणता?” मी इंग्रजीत विचारलं.

“आमच्याकडे सरदार घराण्यातल्या स्त्रीला ‘बाई’ म्हणतात. मी आपली लाडाने म्हणते. का?”

“आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्यांना म्हणतात.”

नोराइदाने ते आईला सांगितलं. बाई मनापासून हसल्या आणि त्यांनी माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. झाली शाळा सुरू.

आत भिंतीवरची वेलबुट्टी दाखवत त्या म्हणाल्या, की त्यांच्या घराच्या ‘पानोलोंग’वर (तुळईचं बाहेर आलेलं कोरीव टोक) अशीच पानं होती. “नीट बघितलं तर त्यात नाग दिसायचा. इस्लाममध्ये जिवंत प्राणी कोरणं बरं मानत नाहीत. म्हणून आमच्या सुतारांनी तो पानांत लपवला.” मी भराभर लिहून घेतलं. मनात म्हटलं, तिकीट वसूल झालं.

घरी जेवायला हळद-नारळाच्या रसातला मासा, भात आणि ‘पालापा’ (कांद्याची पात, आलं, मिरची, खोबरं घालून केलेलं तोंडीलावणं). वास थेट माझ्या राजापूरचा. चटणीसारखा मोठा घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. निम्मं मिरचीचं होतं, निम्म्याचं काय ते मी सांगत नाही.

मग ड्रॉइंग पसरलं. बाईंनी चष्मा लावला. छप्पर पाहिलं, पानोलोंग पाहिले, मान डोलावली. मग बोट खाली आलं आणि थांबलं.

“हे काय?”

“खांब. जमिनीत दीड हात.”

“माझं घर पुरलंस तू,” बाई म्हणाल्या. नोराइदाने हे भाषांतर जरा चाचरतच केलं.

आमच्या मराठी डोक्यात खांब म्हटला की तो जमिनीतच. कुठल्याही कामाची सुरुवातसुद्धा आम्ही मुहूर्तमेढ रोवून करतो. फोटोत खांबांचे पाय गवतात बुडालेले होते आणि मी बिनदिक्कत ते गाडून टाकले होते. भूकंपात टिकणाऱ्या घरांवर प्रबंध लिहितेय मी!

बाईंनी टोपलीतली चार संत्री टेबलावर ठेवली, त्यांवर ट्रे ठेवला आणि टेबल गदगदा हलवलं. ट्रे डुलला, थोडा सरकला, पण पडला नाही. “खाली गोल दगड. जमीन हलली की घर नाचायचं. आम्ही पोरं आत हसायचो. शेवटी ते आगीत गेलं, भूकंपात नाही.”

मी त्यांचे हात धरले. आणखी दोन दिवसांनी ही चूक लाकडात कोरली गेली असती. त्या बाईंचे उपकार कसे फेडावेत ते मला आजही कळत नाही.

सोमवारी सकाळीच ओकुदा-सानांच्या कारखान्यात जाऊन कमरेत वाकले आणि चूक कबूल केली. त्यांनी शांतपणे खालची फळी दाखवली. तिला खांब रोवायला एकही भोक पाडलेलं नव्हतं.

“आमच्या जुन्या देवळांचे खांबही दगडावर असतात,” ते म्हणाले. “शंका आली, म्हणून आधी वरचं काम घेणार होतो.”

“मग विचारलं का नाहीत?”

“ड्रॉइंगवर तुमच्या प्राध्यापकांची सही होती.”

मी पुन्हा वाकले. या खेपेला माफीसाठी नाही, आभारासाठी.

तीन आठवड्यांनी पंचवीस गोट्यांवर घर उभं राहिलं. ओकुदा-सानांनी फळी हलवली, घर डुललं आणि जागेवर आलं. मी त्याचा व्हिडिओ कोबेला पाठवला. थोड्या वेळाने नोराइदाचा निरोप आला: “बाईने एवढ्यात सात वेळा बघितलाय. घर तेच आहे म्हणते. पण विचारतेय, शिडी कुठाय? मी वर कशी जाऊ?”

मी ओकुदा-सानांना सांगितलं. त्यांनी फळीपासून दारापर्यंतची उंची मोजली. मग त्यांनी लाकडाचा एक तुकडा निवडला आणि कानावरची पेन्सिल काढली.

“पायऱ्या किती?”

माझ्या जिभेवर अंदाजाने एक आकडा आला होता. तो गिळला आणि कोबेला फोन लावला.